कुठेही झोपणारे भावजी

...आणि वरचा पलंग म्हणजे तरी किती वर, तर उताणं झोपलं की छताचा चुना नाकाला लागतो, कूस बदलायची तर खाली उतरायचं, वळायचं आणि वळलेल्या स्थितीत पुन्हा चढायचं, माझी उंची सहा फूट, पलंग लहान मुलांसाठी केलेला पाच फुटी, आणि खालून माझीच मुलगी विचारतेय, "बाबा, तुझे पाय बाहेर का आलेत?" आता काय सांगू तिला? समोरच्या वरच्या पलंगावर सगळ्यांच्या बॅगा झोपल्या होत्या. बॅगांना उशी होती. मला नव्हती.

तुम्हाला सांगतो, माणूस परदेशात नोकरीसाठी जातो आणि शनिवार-रविवारी वहिनींच्या तावडीत सापडतो. वहिनी म्हणजे माझ्या भावाची बायको नव्हे, मला भाऊच नाही. त्या अख्ख्या शहरात आपली भाषा बोलणारी, आमच्या ओळखीची घरं तीन. एक आमचं, एक 'नवं जोडपं', ज्यांच्या लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती पण वहिनींच्या लेखी ते अजून नवंच, आणि एक वहिनींचं. त्यांचे मिस्टर, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, मोठ्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर, चार माणसांत चार शब्द बोलतील तर शपथ. ती कसर वहिनी भरून काढायच्या.

दर महिन्याला सहल. घर भाड्यानं घ्यायचं आणि दारात पाऊल ठेवल्या ठेवल्या वहिनी खोल्या वाटणार. "समुद्राची खोली आम्हाला हं, ह्यांना नीट झोप लागत नाही. ती गुलाबी पडद्यांची नव्या जोडप्याला. आणि मुलांची खोली... भावजींना द्या. भावजींचं काय, ते कुठेही झोपतात."

कुठेही झोपतात! अहो, मी काय बाकावरचं मांजर आहे? एकदा, फक्त एकदा, पहिल्या सहलीला, मी दमून खुर्चीत बसल्या बसल्या पेंगलो होतो. तेवढ्यावर जन्माचा शिक्का. तीन वर्षांत मी कुठे कुठे झोपलो सांगू? वरच्या पलंगावर सात वेळा. इस्त्रीच्या टेबलाखाली एकदा. आणि एकदा बाथटबमध्ये, गादी घालून, आणि वर वहिनी आमच्या हिला, म्हणजे बायकोला, म्हणतात, "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

भांडायचं म्हणाल तर सोय नाही. आपल्या गावात असतो तर एकाशी तोंड वाकडं केलं की दुसरा आहे. तिथे दुसरं कोण? आमची मुलगी तापानं फणफणली तेव्हा हॉस्पिटलात दोन दिवस वहिनीच बसून होत्या, हे बायको मला महिन्यातून दोनदा ऐकवायची. म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मग मी ठरवलं, उट्टं काढायचं, पण हसतमुखानं.

एका रविवारी मी म्हटलं, "वहिनी, दर वेळी तुम्हालाच त्रास. पुढचं घर मी बघतो, खोल्याही मीच ठरवतो." त्या म्हणाल्या, "जमेल तुम्हाला?" म्हटलं, बघाच.

आता मी माणूस नकाशे काढणारा. इमारतींचे. लोक घर शोधताना चांगले अभिप्राय वाचतात, मी वाईट वाचायला बसलो. आठ दिवस. आणि सापडलं! समुद्रकाठी, सुरेख, पण एकानं लिहिलं होतं, 'मागच्या खोलीच्या भिंतीला लागून बर्फाचा कारखाना आहे. यंत्र क्षणभरही थांबत नाही. पेल्यातलं पाणी थरथरतं. माणूस वेडा होईल.' मी ते वाक्य हिला दोनदा वाचून दाखवलं. ही म्हणाली, "लाज वाटू दे." मी मालकाकडून घराचा नकाशा मागवला. पलंगाची उशाची बाजू थेट त्या भिंतीला! मी स्वतः काढला असता तरी इतका नेमका जमला नसता.

पोचलो. मी दारातच उभा राहिलो आणि गोड आवाजात म्हटलं, "वहिनी, तुम्हाला मागची खोली. एकांत आहे, शिवाय दादांना समुद्राच्या लाटांचा त्रास नको. समोरची आम्ही घेतो. आमचं काय, आम्ही कुठेही झोपतो." तीन वर्षं पोटात ठेवलेलं वाक्य, काय सांगू, तोंडात साखर विरघळावी तसं विरघळलं.

सकाळी सहालाच मी व्हरांड्यात चहा घेऊन हजर. झोप मलाही नव्हती, समुद्राची खोली मिळूनसुद्धा मी कान टवकारून पडलेलो, आता दार वाजेल, मग वाजेल. आठ वाजता वहिनी आल्या. केस विस्कटलेले, डोळे लालबुंद. मनात म्हटलं, पावलं! खुर्चीत बसल्या आणि ढसाढसा रडायला लागल्या. एवढं मात्र मी ठरवलं नव्हतं.

"भावजी," त्या म्हणाल्या, "हे झोपलेत. नऊला पडले ते अजून उठले नाहीत. तीन-तीनदा उठून श्वास चालू आहे ना बघितलं मी."

मग कळलं. दादा वीस वर्षं यंत्रांशेजारी उभे राहून काम केलेला माणूस. बढती मिळाली, इकडे धाडलं, काचेच्या केबिनमध्ये बसवलं, टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. तेव्हापासून धड झोप नाही. समुद्राची खोली, मऊ गादी, जाड पडदे, वहिनी बिचाऱ्या दर महिन्याला जे सुचेल ते करून बघत होत्या. "कुणाला बोलायची चोरी," त्या म्हणाल्या, "ह्यांना आवडत नाही. पण तुम्ही न सांगता ओळखलंत. कसं हो कळलं तुम्हाला?"

वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण तुम्हाला सांगतो, त्याहून जास्त राग आला. तीन वर्षांचा सूड एका रात्रीत पुण्य होऊन बसला! मी म्हटलं, "अंदाज आला, वहिनी." ही दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिची ती नजर अजून चुकवतोय.

साडेनऊला दादा बाहेर आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि जन्मात पहिल्यांदा सलग तीन वाक्यं बोलले. वहिनींनी तिथेच जाहीर केलं, "यापुढे खोल्या भावजीच वाटणार." मनात म्हटलं, चला, एवढं तरी पदरात पडलं. आता गादी, आता खिडकी, आता पाय सरळ!

पंधरा दिवसांनी संध्याकाळी बेल वाजली. आमच्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर घरं दोनच. एक आमचं, आणि शेजारचं दोन वर्षं रिकामं, कारण त्याच्या भिंतीपलीकडे अख्ख्या इमारतीच्या एसीची यंत्रं घरघरत असतात. दलाल कंटाळून जाहिरात द्यायचाही बंद झाला होता. दारात वहिनी आणि दादा. दादांच्या चेहऱ्यावर तुकतुकी.

"घेतलं आम्ही," वहिनी म्हणाल्या. "तुमच्यासारखा शेजार परक्या मुलखात कुणाला मिळतो? ही आमची एक किल्ली तुमच्याकडे असू दे. आणि तुमची एक द्या. अडीअडचणीला बरी."

दिली. सोमवारपासून वहिनी बेल वाजवत नाहीत.