नऊ वाजता मारायचा शिक्का

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे संचालक महोदय, माझ्या उजव्या हाताला बसलेले संधिवात विभागाचे प्रमुख डॉक्टरसाहेब, सिस्टर मंडळी, रेकॉर्ड रूममधल्या माझ्या मैत्रिणी, आणि बाहेर चहा आलाय की नाही हे बघायला सारखं दाराकडे वळणारे इतर सगळे,

आत्ता माझं मानपत्र वाचून झालं. एकतीस वर्षांत माझ्यात इतके गुण होते हे मला निवृत्तीच्या दिवशी कळावं, म्हणजे कमालच झाली. मागच्या महिन्यात रजेचा अर्ज घेऊन गेले तर ऑफिसात माझं नाव विचारावं लागलं होतं, आणि आज मी ‘विभागाचा कणा’! असो. कण्याने दोन शब्द बोलावेत असा आग्रह झाला. आता ऐका.

मानपत्रात एक वाक्य होतं, तुम्ही त्याला टाळ्याही वाजवल्यात. ‘यांनी सुचवलेल्या शिक्क्यामुळे प्रत्येक रुग्णामागे दोन मिनिटं वाचली.’ तो शिक्का कुठला, ते लिहायला लाज वाटली असावी. मी सांगते. ‘तक्रार नाही.’ हे दोन शब्द. डॉक्टरसाहेब दर केसपेपरवर हेच लिहायचे, अक्षर कुणाला लागायचं नाही, म्हणून मी शिक्का करून घेतला. मोठी हुशार मी! पुढे वेळ आणखी वाचावा म्हणून अशी पद्धत पडली की, सकाळी नऊ वाजता दिवसभराच्या सगळ्या केसपेपरांवर मी शिक्का मारून ठेवायचा. ओपीडी सुरू होणार दहाला. म्हणजे पेशंट दारात पाऊल टाकायच्या एक तास आधी त्याला काहीही तक्रार नसायची! जगात कुठे आहे का हो असं रुग्णालय?

कुणी काही सांगितलंच तर साहेबांनी शिक्का खोडून लिहायचं, असं ठरलं होतं. पण खोडायला हात उचलावा लागतो. साहेब, तुम्ही हसताय. हसा. मलाही तेव्हा गंमतच वाटायची.

माझ्या धाकट्या बहिणीला ल्युपस आहे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, यात शरीराची राखण करणारी यंत्रणा शरीरावरच उलटते. सकाळी तिची बोटं वळत नाहीत. उन्हात दहा मिनिटं उभी राहिली की गाल भाजल्यासारखे होतात. आता लघवीतून प्रथिनं जायला लागलीत, म्हणजे मूत्रपिंडावर आलंय. सहा वर्षं ती याच ओपीडीत येते. आणि सहा वर्षं तिच्या केसपेपरावर नऊ वाजता शिक्का मारणारी कोण? तिची सख्खी बहीण.

ती सांगायची, “ताई, मी बोलायला तोंड उघडते तोवर ते पुढच्याला हाक मारतात.” मी काय म्हणायचे माहितीय? “अगं, त्यांना कामं असतात.” वा रे मी!

मागच्या महिन्यात माझ्या भाचीने औषधांच्या चाचण्यांची सरकारी यादी संगणकावर शोधली. ल्युपसच्या नव्या औषधाची चाचणी, पेशंट हवेत, संपर्काचा नंबर अमुक. मी तीन दिवस रजा काढून बहिणीच्या घरून तो नंबर फिरवत बसले. रिंग जायची, उचलायचं कुणी नाही. “काय बेजबाबदार लोक असतात एकेक,” असं म्हणत मी नंबर नीट वाचला आणि कपाळावर हात मारला. तो रेकॉर्ड रूममधल्या जुन्या फोनचा नंबर होता, जो माझ्याशिवाय कुणी उचलत नाही. फोन माझ्याच टेबलावर वाजत होता, आणि मी रजेवर!

चाचणी आपल्याच इमारतीत होती. दुसऱ्या मजल्यावर. जाहिरात लावली होती डॉक्टरांच्या खोलीत, कपाटामागे. ल्युपस डॉक्टरांना झाला असता तर त्यांची फार सोय झाली असती.

वरच्या सिस्टरांनी मात्र तासभर बसवून सगळं समजावलं. काही जणांना खरं औषध मिळेल, काहींना औषध नसलेली नुसती गोळी, कुणाला काय ते त्यांनाही कळणार नाही. त्रास होऊ शकतो. केव्हाही सोडून जाता येईल. बहिणीने एकच विचारलं, “गोळी कसलीही असू दे. पण दर पंधरा दिवसांनी कुणीतरी मला हात लावून तपासेल ना?” सिस्टर म्हणाल्या, “हो.” ती रडायला लागली. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मग सिस्टरांनी जुने केसपेपर मागवले. बावीस भेटी. बावीस शिक्के. म्हणाल्या, “कागदावर तर या ठणठणीत आहेत. मी यांना घेऊ कशी?” तरी बिचारीने वाट काढली. विभागप्रमुखांनी स्वतः तपासून आजची लक्षणं लिहावीत, तेवढ्या पत्रावर पुढच्या तपासण्या सुरू करता येतील. आणि ती नोंदणी आता उद्या दुपारी बंद होतेय.

साहेबांकडे मी चार वेळा गेले. एकदा मीटिंग. एकदा पाहुणे. तिसऱ्यांदा म्हणाले, “मागच्या तारखा टाकून चार ओळी लिहून देतो, चिंता कशाला?” म्हणजे खरं तपासायला वेळ नाही, खोटं लिहायला आहे! अहो, चाचणीच्या त्या कागदांवरून पुढे दुसऱ्या कुणाच्या तरी बहिणीचं औषध ठरणार आहे. मी नको म्हटलं. चौथ्यांदा म्हणाले, “तुमचा समारंभ होऊ दे, मग बघू.” आणि उद्या ओपीडी बंद, कारण अख्खा विभाग सहलीला निघालाय.

एकतीस वर्षांत मी साहेबांना उलट बोलले नाही. ते चुकलंच माझं. त्यांनी शिक्का वापरला, पण मारला मी, आणि यातला माझा वाटा मी कुणाच्या माथी मारणार नाही.

आपण वेळ काढून आलात, माझ्याबद्दल चांगलं बोललात, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर मोठ्या मनाने पदरात घ्या. चहाला मात्र जरा उशीर होईल.

साहेब, ती तिसऱ्या रांगेत बसली आहे, निळ्या साडीत. कोरा कागद तिच्याकडे आहे. तपासायचे सांधे अठ्ठावीस असतात, असं सिस्टर म्हणाल्या. सावकाश मोजा, आम्ही सगळे थांबतो.