पीच आत नेण्याबाबत

विषय — पीच अंगठ्याने दाबून पाहण्याबाबत. संदर्भ — आपण आत्ता दाबून परत ठेवलेली तीन फळं. — नाही हो, रागवायचं काय त्यात, मी काही या गाडीचा मालक नाही. मालकीणबाई त्या, काट्यामागे बसल्यात त्या. त्या बोलणार नाहीत, गिऱ्हाइकाला दुखवायचं नाही असा त्यांचा शिरस्ता, म्हणून हे अप्रिय काम मी बिनपगारी करतो. पूर्वी पगार घेऊन करायचो. चौतीस वर्षं कारकून होतो, आवक-जावकच्या टेबलावर; समोरच्याला ‘असं चालणार नाही’ एवढं सांगायचं, आणि महिनाअखेरीला सही करून पैसे घ्यायचे. तर, असं चालणार नाही. पीच दाबायचं नसतं. तुम्ही दाबलंत, तुमची खात्री झाली, तुम्ही पुढे गेलात — आणि त्या फळावर तुमचा अंगठा राहिला. आत्ता दिसत नाही. उद्या सकाळी बरोबर अंगठ्याएवढा तपकिरी डाग उठेल, आणि मग मावशी ते फळ कुणाच्या गळ्यात मारणार? कुणाच्याच नाही, संध्याकाळी स्वतः कापून खाणार. तीन महिने त्या हेच खातायत, लोकांचे अंगठे.

आणि लालीवर जाऊ नका. सगळे लालीवर जातात. लाली म्हणजे काय — त्या बाजूला ऊन लागलं, एवढाच त्याचा अर्थ. शिफारसपत्रासारखं असतं ते, कुणालाही मिळतं. बघायचा तो खालचा रंग, इथे, देठाच्या खळगीभोवती. हिरवट झाक असेल तर वेळेआधी उतरवलंय. ते पुढे मऊ होईल, पण गोड होणार नाही. आमच्या खात्यात अशी बरीच माणसं होती. इथे लोण्यासारखा पिवळा हवा. तो दिसला की मग नाकाशी न्यायचं, देठाकडून, डोळे मिटून — मिटा, कुणी हसत नाही — वास आला तर घ्यायचं, नाही आला तर परत ठेवायचं. टाकायचं नाही, ठेवायचं. — आला ना? बघा. हे माझं ज्ञान नाही हं, उसनं आहे. आमच्या हिचं. मला अडतीस वर्षांत पिशवी धरण्यापलीकडे काही जमलं नाही. ही अर्धा अर्धा तास गाडीपाशी उभी, एकेक फळ हुंगतेय, आणि मी चार हात लांब, ही बाई कोण आपल्याला ठाऊक नाही अशा चेहऱ्याने. मग ती हाक मारायची, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी — ‘अहो टिपणीभाऊ, जरा नाक घेऊन या इकडे.’ ऑफिसात मला टिपणीभाऊ म्हणत. प्रत्येक कागदावर टिपणी लिहायचो म्हणून. ते घरापर्यंत कुणी पोचवलं कळलं नाही, पण पोचलं.

तुमच्या खिशातून पिवळा पास डोकावतोय, म्हणून विचारतो — समोर जायचंय ना, दवाखान्यात? कितवा मजला? — दुसरा. आई. असं. दुसरा बरा हो, दुसऱ्यावरची माणसं घरी जातात. आमची ही तिसऱ्यावर आहे, खिडकीजवळची खाट. होती. म्हणजे खाट आहे अजून.

चारला सोडतात, अजून वीस मिनिटं आहेत, घाई करू नका. तर ती निवडायची, आणि घरी आणून प्रत्येक फळ वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ओळीने ठेवायची, एकमेकांना न टेकता. मग रोज सकाळी उचलून वास. ‘हे उद्याचं. हे परवाचं. याला अजून दोन दिवस द्या.’ पिकलेल्या पिचाला एक दिवस असतो म्हणायची, एकच, आदल्या दिवशी ते लाकूड आणि दुसऱ्या दिवशी चिखल. तो दिवस आला की मोरीपाशी उभी राहायची, वाकायची, आणि तशीच दात लावायची. रस हनुवटीवरून, मनगटावरून, कोपरापर्यंत. लहान मुलीसारखी. मी आपला टेबलाशी, बशी, सुरी, आठ फोडी, कोय बाजूला. ती तोंड भरलेलं असताना म्हणायची, ‘तुम्ही फळ खाताय की त्याची चौकशी करताय?’ दर हंगामात मला एकदा बोलवायची, ‘या, एकदा वाकून खाऊन बघा.’ मी म्हणायचो, सदरा खराब होईल. हे कारण मी अडतीस वर्षं दिलं. सदरे अजून आहेत, स्वच्छ आहेत.

गेल्या महिन्यात बाविसाव्या दिवशी — खाटेवरचा बाविसावा — ती म्हणाली, ‘बाहेर पीच आले असतील.’ म्हटलं, आलेत, समोरच गाडी आहे. म्हणाली, ‘एक आणा. एक घास खाईन.’ बाकी तिचं सगळं बंदच होतं, पेज तेवढी, तीही चमच्याने. मी डॉक्टरांना गाठलं जिन्यात. ते म्हणाले, ‘एका घासानं काय होतंय, द्या की.’ पण तोंडी. हे लक्षात घ्या, तोंडी. आणि दारावर तुम्ही पाटी वाचली असेल, बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेण्यास सक्त मनाई आहे, हुकमावरून. ती लेखी. आता तोंडी एका बाजूला आणि लेखी दुसऱ्या बाजूला असेल तर माझ्यासारखा माणूस कुठल्या बाजूला जाईल? वॉर्डातल्या सिस्टर चांगल्या होत्या, धिप्पाड, मोठ्या आवाजाच्या. त्यांनी ऐकलं. म्हणाल्या, ‘काका, कोटाच्या आतल्या खिशात घालून आणा. मी पाठ फिरवीन. मला मागून दिसत नाही.’ आणि मी — काय बोललो माहीत आहे? मी म्हटलं, ‘सिस्टर, हे लेखी द्याल का?’

हसा. त्याही हसल्या. हिलासुद्धा सांगितलं त्यांनी, आणि तिला हसताना ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.

मी अर्ज केला. प्रति, वैद्यकीय अधीक्षक. विषय, रुग्णासाठी एक ताजे फळ आत नेण्यास परवानगी मिळण्याबाबत. तीन प्रती. इतका नीट अर्ज मी नोकरीतसुद्धा कधी लिहिला नव्हता, घरी येऊन दोनदा वाचला आणि, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. बावीस दिवस नुसता स्टुलावर बसून होतो हो. डॉक्टरांना त्यांचं काम, सिस्टरना त्यांचं. माझ्याजवळ एकच विद्या होती आणि ती वापरायला कुणी सांगत नव्हतं. आता सांगितलं होतं. चार नंबरच्या खिडकीत दिला. खिडकीतल्या पोरसवदा कारकुनाने वरून खाली वाचला आणि म्हणाला, ‘आहारपत्रकाची प्रत जोडलेली नाही.’ मला त्याचं कौतुक वाटलं. मीही हेच म्हटलं असतं. प्रत जोडली. मग तो अर्ज आहार विभागाकडे गेला, तिथून शेरा आला — फळ कोणते, वजन किती, धुतलेले की न धुतलेले, याचा खुलासा करावा. मी खुलासा केला. पीच, एक, अंदाजे दीडशे ग्रॅम, धुतलेले.

आणि फळ? ते मी आधीच घेतलं होतं, इथूनच. हिच्या पद्धतीने, खालचा रंग, देठाचा वास — आयुष्यात पहिल्यांदा मी एकट्याने निवडलं. वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवलं. परवानगी कुठल्या क्षणी येईल सांगता येत नाही, म्हणून रोज बरोबर आणायचो. गेटवर पहारेकऱ्यापाशी जमा करायचं, तो पितळी बिल्ला द्यायचा, सतरा नंबर, रोज सतराच कसा मिळे कोण जाणे. बिल्ला खिशात घालून मी वर. ती विचारायची, ‘झाली का साहेबांची सही?’ मी सांगायचो, कागद कुठपर्यंत आलाय. तिला मजा वाटायची असं मला वाटायचं. मग ती म्हणायची, ‘हात दाखवा.’ मी हात पुढे करायचो आणि ती माझा तळवा ओढून नाकावर ठेवायची. दोन्ही हातांनी धरून. फळाचा वास लागलेला असायचा ना, गेटवर देईपर्यंत मी हातातच धरून आणायचो. डोळे मिटून हुंगायची, गाडीपाशी हुंगायची तशी. ‘अजून दोन दिवस द्या,’ म्हणायची. दुसऱ्या दिवशी, ‘हे उद्याचं.’ — फळ आत न्यायला मनाई होती. वासाबद्दल पाटीवर काही नव्हतं.

सोमवारी तिने हात हुंगला आणि बराच वेळ सोडला नाही. म्हणाली, ‘आज.’ एवढंच. ‘आजचं आहे हे.’

मी खाली आलो. पळत आलो म्हटलं तरी चालेल. चार नंबरच्या खिडकीशी गेलो, म्हटलं, काय झालं माझ्या कागदाचं. तो म्हणाला, साहेब दौऱ्यावर आहेत, उद्या बसतील. आणि गेट तिथून किती लांब? तुम्ही बघालच आता. वीस पावलं. पहारेकरी खुर्चीत, फळ त्याच्या मागच्या फळीवर, बिल्ला माझ्या खिशात. वर सिस्टर, पाठ फिरवायला तयार. मी ती वीस पावलं गेलो नाही. मी म्हटलं, उद्या तर उद्या. वर जाऊन तिला सांगितलं, साहेब उद्या बसणार आहेत. ती — ती कधी टाकून बोलली नाही हो मला, चेष्टा करायची, पण टाकून नाही — म्हणाली, ‘बरं. पुढच्या हंगामात खाऊ.’ आणि माझ्या सदऱ्याची कॉलर नीट केली.

रात्री निरोप आला नाही. सकाळी गेलो तेव्हा गादी गुंडाळलेली होती. सिस्टरनी मला स्टुलावर बसवलं. मी त्यांना काय विचारावं? पहाटे किती वाजता, ते विचारलं. नोंद करायची असल्यासारखं.

खाली आलो. सोमवारी नेहमीप्रमाणे फळ परत घ्यायला हवं होतं, पण तसाच गेलो होतो, त्यामुळे बिल्ला माझ्याजवळच होता. तो दिला, फळ घेतलं. पहारेकऱ्याने वहीत सही घेतली, वस्तू मिळाली, तक्रार नाही. मी केली सही.

मग खाल्लं का म्हणून विचाराल — खाल्लं. सगळं आटोपल्यावर, चौथ्या दिवशी. तोवर त्याचा चिखलच झाला होता, ती म्हणायची तसा, एका बाजूने काळं पडलं होतं. बशी काढली, सुरी काढली, आणि परत ठेवून दिली. मोरीपाशी उभा राहिलो आणि वाकलो. कोपरापर्यंत ओघळ गेला. सदरा खराब झाला. आणि गोड होतं हो. अजून गोड होतं. मला वाटलं होतं, निदान आंबलेलं तरी असेल.

अहो, तुम्ही ते तीन दाबलेले घेताय वाटतं? — घ्या, मावशींवर उपकार होतील, पण ते तुम्ही स्वतः खा. आईसाठी हे एक, हे माझ्या हातातलं. आजचं आहे. पिशवी नको, पिशवी बघतात. आतल्या खिशात. रुमाल गुंडाळा, लव टोचते. पहारेकऱ्याकडे बघू नका, बघणाऱ्याला तो हटकतो. आणि चार नंबरच्या खिडकीकडे तर ढुंकूनही नाही. पोरगा कामाचा आहे, नियमाने वागतो, तुमचं चांगलं करायला जाईल. — मी? मी आलोय त्याच खिडकीत. दर मंगळवारी येतो. गेल्या वेळी त्याने विचारलं, अर्जदाराची मागणी आता उरलेली नाही, तर फाइल बंद करायची का. म्हटलं, नाही. मागणी आहे. त्याने तसा शेरा मारून घेतला.

चार वाजले, दार उघडलं बघा. जा. अहो, जा म्हणतो ना, वास किती वेळ टिकणार तो.

मावशी, ते एक माझ्या नावावर. — काय म्हणता? अर्जाचं? काही नाही, आहार विभागाकडे आहे. खुलासा पोचला. निर्णय व्हायचा आहे.