बॅटऱ्या अर्धपोटी झोपवणाऱ्या बाई

सन्माननीय अध्यक्ष महाशय, अनेकदा तारीख बदलून का होईना पण आज अगत्यानं आलेले प्रमुख पाहुणे, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या आमच्या ग्रंथपालबाई, वाचनालयाचे सभासद, आणि मागे दाराशी उभं राहून मला ‘लवकर आटप’ अशा खुणा करणारे माझे सहकारी, सर्वांना नमस्कार.

मी देवघेवीच्या खिडकीवर बसते. शिक्के मारणं माझं काम, भाषणं करणं नव्हे. बाईंची शिस्त, बाईंचं वाचन, बाईंनी लावलेली कपाटं, यावर आधीचे वक्ते भरभरून बोलले. मी बॅटऱ्यांवर बोलणार आहे. हसा, हसा. बाई स्वतःच हसताहेत म्हटल्यावर तुम्हाला कोण अडवणार?

चढावर राहणारे आपले म्हातारे सभासद खाली येईनासे झाले, तेव्हा बाईंनी ‘घरपोच पुस्तक’ सुरू केलं. समितीनं दोन इलेक्ट्रिक सायकली दिल्या आणि त्यांत जुन्या पद्धतीच्या शिशाच्या बॅटऱ्या बसवल्या. त्या इतक्या जड, की चढावर सायकल पुस्तकं नेत नव्हती, नुसती स्वतःची बॅटरी नेत होती! मी एकदा उतरून ढकलत नेली तेव्हा वाटेत एका गृहस्थांनी विचारलं, “माहेरी निघालात का सामान घेऊन?” कंपनीच्या तयार, हलक्या बॅटऱ्या मागितल्या तर समिती म्हणाली, “बघू.” आपल्या समितीचं ‘बघू’ म्हणजे काय, हे या सभागृहाला मी वेगळं सांगायला नको. अध्यक्ष महाशय, राग नसावा.

मग बाईंनी स्वतः शोध घेतला आणि लिथियम पॉलिमरच्या स्वस्तातल्या बॅटऱ्या आणायचं ठरवलं. हौशी लोक खेळण्यातल्या विमानांना लावतात त्या. चपट्या, साबणाच्या वडीएवढ्या, हातात घेतलं तर वजन जाणवू नये अशा. एक सदस्य म्हणाले, “बाई, पुस्तकं काय उडवणार आहात?” बाई म्हणाल्या, “उडाली नाहीत तरी चढतील.”

खरेदीला मी त्यांच्याबरोबर होते. बाईंनी पिशवीतून आपला टपालाचा वजनकाटा काढून दुकानदाराच्या काउंटरवर ठेवला आणि एकेक बॅटरी तोलायला लागल्या. दुकानदार म्हणतो, “अहो बाई, कांदे घेताय का? लेबलावर सगळं छापलेलं आहे.” बाई म्हणाल्या, “छापलेल्यावर किती विश्वास ठेवायचा, हे ग्रंथपालाला शिकवू नका.” स्वस्तातल्या मालात आकडा मोठा छापतात आणि आत माल कमी भरतात, म्हणून तेवढ्याच आकड्याची जी बॅटरी वजनाला हलकी, ती खोटी, असा त्यांचा हिशेब. लेबलावर ताकदीच्या फुशारक्या मारणाऱ्याही त्यांनी बाजूला सारल्या. सगळ्या एकाच जातीच्या, एकाच खेपेतल्या हव्यात, कारण एक जरी मागे पडली तरी ती बाकीच्यांना घेऊन बुडते. आमच्या कार्यालयालाही हे लागू आहे, पण तो विषय आज नको.

आणल्यावर नियम आले. चार्जिंग पुस्तकांच्या दालनात नाही, मागच्या खोलीत, वाळूच्या थरावर ठेवलेल्या पत्र्याच्या पेटीत. चार्जिंग चालू असताना शेजारी माणूस बसलेला हवा, आणि तो जागा हवा. आतल्या प्रत्येक कप्प्याचा विजेचा दाब वेगळा मोजायचा. रस्त्यात बॅटरी पार रिकामी होईपर्यंत दामटायची नाही. आणि सगळ्यांत कडक नियम असा, की काम नसेल त्या दिवसांत बॅटरी अर्धीच भरून ठेवायची. “भरल्या पोटी ठेवली तर फुगते, उपाशी ठेवली तर मरते,” बाई म्हणायच्या, “अर्धपोटी झोपवा तिला.” त्या पेटीवर बाईंच्या वळणदार अक्षरात एकाच शब्दाची चिठ्ठी होती: अर्धपोटी. नवीन माणूस ती वाचून गोंधळायचा. आम्हाला मात्र त्या शब्दाची इतकी सवय झाली की जेवणाच्या सुट्टीत कुणी डबा विसरला, तर ‘आज अर्धपोटी झोपवलंय’ म्हणून आम्ही त्याला चिडवायचो.

आता पुढचं सांगताना मला वाईट वाटतं. पण सभागृहात उलटसुलट बोललं जातंय, त्यापेक्षा सरळ सांगितलेलं बरं.

बाई निवृत्तीपूर्वीच्या रजेवर गेल्या. आपण ठरवलं की समारंभाला दोन्ही सायकली सजवायच्या आणि बाईंना त्यांवरून मिरवत घरी पोचवायचं. तयारी आमच्या बाइंडरकाकांकडे होती; बॅटऱ्यांशी त्यांचा आजवर कधी संबंध आला नव्हता. काकांनी पेटीवरची चिठ्ठी वाचली आणि त्यांचा जीव कळवळला. ज्या बाईंनी आयुष्यभर कुणाला रिकाम्या हातानं परत पाठवलं नाही, त्यांच्या निरोपाला अर्धपोटी गाड्या? काकांनी चिठ्ठी काढली, बॅटऱ्या काठोकाठ भरल्या आणि ऐन वेळी धावपळ नको म्हणून फेऱ्या थांबवून तशाच ठेवल्या. मग समारंभाची तारीख पुढे गेली. पुन्हा पुढे गेली. मागच्या खोलीचं छप्पर पत्र्याचं, दिवस उन्हाळ्याचे.

बाई परवा आल्या, पेटी उघडली. उशा भरून ठेवाव्यात तशा बॅटऱ्या फुगलेल्या होत्या. काका बाजूलाच उभे होते. बाई त्यांना काय म्हणाल्या, ऐका. “काका, तुम्ही मायेनंच केलंत. आता टोचू नका, दाबू नका, मला पेटी बाहेर अंगणात न्यायला मदत करा.” मग अंगणात बसून त्यांनी, आता निकामी झालेली एकेक बॅटरी पेट घेऊ नये म्हणून, दिव्याला जोडून रिकामी केली. स्वतः निवडलेली, तोललेली, सांभाळलेली एकेक. काका, तुम्ही पहिल्या रांगेत मान खाली घालून बसला आहात. मान वर करा. या सभागृहात तुम्हाला कुणी काही बोलणार नाही, आणि बोलला तर माझ्याशी गाठ आहे.

दोन बॅटऱ्या मात्र वाचल्या. काकांनी त्या भरायला आमच्या शिपायांकडे दिल्या होत्या. आमचे शिपाई म्हणजे ‘उद्याभाऊ’. कोणतंही काम सांगा, ‘उद्या करतो.’ त्यांनी त्या भरल्याच नाहीत! वाचनालयाच्या इतिहासात आळस पहिल्यांदाच उपयोगी पडला.

पण दोन बॅटऱ्यांवर जुन्या शाळेकडचा चढच जेमतेम होतो. पाण्याच्या टाकीकडचा चढ उभा आहे, त्याला चार लागतात. मी म्हटलं, “बाई, मी हळूहळू नेते ना टाकीकडे.” बाई म्हणाल्या, “नाही. ओढून ओढून त्याही फुगतील, मग शाळेकडच्या लोकांचंही वाचन जाईल. टाकीची फेरी बंद करा.” नव्या बॅटऱ्यांबद्दल विचारलं, तर समिती पुन्हा ‘बघू’ म्हणाली आहे.

टाकीकडची फेरी रजेवर जाईपर्यंत बाई स्वतः करत होत्या, संध्याकाळी घरी जाता जाता. कारण टाकीच्याही वर, अगदी शेवटच्या घरात, त्या आणि त्यांच्या थोरल्या भगिनी राहतात. बाईंचे गुडघे गेलेत. भगिनी तर आज इथेही येऊ शकल्या नाहीत. बाईंना परवापासून अध्यक्षांच्या गाडीनं आणतोय, आणि आजही तीच गाडी सोडून येईल. उद्यापासून गाडी नाही.

काल बाई माझ्या खिडकीशी आल्या. पलीकडच्या बाजूनं, सभासद म्हणून, पहिल्यांदाच. एक जाडजूड प्रवासवर्णन पुढे ठेवलं. मी शिक्का उचलला. बाईंनी विचारलं, “मुदत तीच ना?” मी म्हटलं, “बाई, तुम्हाला कसली मुदत? ठेवा हवं तितके दिवस.” त्या म्हणाल्या, “असं नसतं गं.” मी म्हटलं, “मग मी चढून येईन न्यायला.” बाई म्हणाल्या, “एकदा येशील, दोनदा येशील, तिसऱ्यांदा मलाच संकोच वाटेल.” त्यांनी पुस्तक पुन्हा आपल्याकडे ओढलं. मग म्हणाल्या, “वेळेत परत करता येणार नसेल तर नेऊ नये. इतकी वर्षं मीच सांगत आले लोकांना.” आणि ते पुस्तक घेऊन त्या आत गेल्या, आणि जिथून काढलं होतं त्याच जागी स्वतःच्या हातानं लावून आल्या.

मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे आणि ऐकून घेतल्याबद्दल आपल्या सर्वांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल तर तो अपराध पोटात घाला आणि मला क्षमा करा. बाई, तुम्हीही करा. शिक्का माझ्या हातात होता, आणि तो मला मारता आला नाही.