हात चुकला नव्हता

माहा जनम मारेगावच्या अंगच्या खेड्यातला, बाप जवारी-कापसाचा कास्तकार, अन् घरात पोरगा नाही म्हनून वावरातले पाखरं हाकलाचं काम माह्या गळ्यात आलं. काय सांगू तुमाले, तुमी म्हनान बुढी सोताचीच तारीफ करून राह्यली, पन गोफन चालवनारं माह्यासारखं त्या शिवारात कोनी नव्हतं. वावरातल्या लाकडी माळ्यावर उभं राहावं, गोफन गरगर फिरवावी, दोरी सोडली का गोटा म्हनान तिथं. बोरीच्या शेंड्यावरचं एक बोर पाडून दाखवत होती मी. एकडाव बुजगावन्याचं डोकं फोडलं अन् मायचा मार खाल्ला, मडकं नवं होतं. बाप चारचौघात सांगे, आमच्या अनसीचा हात चुकत नाही. हे ध्यानात ठेवजा, पुढची सारी गोष्ट ह्या एकाच बोलाची आहे.

अन् गोटे आनून दे चंद्री. चंद्रभागा तिचं नाव, गावाबाहेरच्या मोहल्ल्यातली, माह्याच बरोबरीची. नाल्यात उतरून गोल गोल गोटे वेचे, पदराच्या वट्यात भरून आने अन् माळ्याखाली ढीग करे. मी वरतून म्हनावं, चंद्रे, हा चपटा आहे वं, हा नाही चालत. तिनं म्हनावं, मंग उतर खाली अन् वेच तूच, मोठी राजाची लेक. असं म्हने अन् दुसरा आनून दे. भाकर मी वरतून टाको, ती खाली झेले. जवळ बसून दोघी जेवलो नाही कधी. तवा तसंच होतं, त्याच्यात काही वावगं आहे असं मले वाटलंच नाही, आता वाटते.

मंग छप्पन साली तिच्या मोहल्ल्यातले लोक नागपूरले गेले, दीक्षा घेऊन आले, घरातले देव नाल्यात सोडले अन् गावाले सांगतलं का आता मेलेलं ढोर आमी वढनार नाही. गाव म्हने, नाही वढत तं मंग सरवाही नाही. सरवा म्हंजे काय, कापलेल्या वावरात कनसं पडून राह्यतेत, ते गरिबानं वेचून न्यावं, त्याले कोनी नाही म्हनत नव्हतं, पाखराचा हक्क तसा त्यायचा हक्क. तो तोडला.

चंद्रीनं माळ्याकडं येनंच सोडलं. एक दिवस वाटंवर भेटली तं मी म्हनलं, काहून वं, माहे गोटे सरत आले ना. ती म्हने, अनसे, आता मी कोनाचे गोटे वेचत नाही. रागानं नाही बरं, हासूनच म्हनलं. पन मले लागलं. लहानशी गोष्ट, बाप्पा, पन आतमंदी जाऊन बसली.

त्या साली अर्धं वावर कापलं होतं, अर्धं उभं होतं. दुपारची वेळ. मी माळ्यावर, बापाचा भाऊ, माहा काका, खाली. कापल्या बाजूनं चार बाया वावरात शिरल्या, त्यात चंद्री, डोक्यावर टोपली. काका म्हने, हान. मी म्हनलं, बाया आहेत काका, पाखरं नाहीत. पुन्हा म्हने, हान. मी गोफन खाली ठेवली. खरंच ठेवली, खोटं नाही सांगत. तं काका हासला, म्हने भेली काय, का तुह्या बापाच्या नुसत्या गोष्टीच आहेत? तेवढ्यात बाकीच्या बाया पळाल्या अन् चंद्री नाही पळाली. तिनं मान वर करून माह्याकडं पाह्यलं, अन् पाहून पुन्हा वाकली, अन् कनीस उचललं.

मी गोफन घेतली. गोटा टोपलीले मारता आला असता. पायापाशी मारता आला असता, धूळ उडाली असती अन् काकाचं म्हननंही राह्यलं असतं. ते माह्यासाठी काही कठीन नव्हतं.

डावा डोळा गेला तिचा.

गाव म्हने, पोरीचा हात चुकला. माय म्हने, हात चुकला. ज्या बापानं सारा जनम सांगतलं का चुकत नाही, तोही पाटलाच्या वट्यावर सगळ्यायच्या समोर म्हने, हात चुकला लेकराचा. पाटलानं मले इचारलं, काहून वं, चुकला ना? मी हो म्हनून मुंडी हालवली. बस, तेवढंच केलं मी. घरी येऊन गोफन चुलीत घातली अन् मले वाटलं का झालं, फिटलं.

पुढं लग्न झालं, दारव्ह्याले आली. मालक कापसाच्या जिनात कामाले, मोठा हौशी मानूस. चार-पाच सालानं बाजाराच्या जागेवर तंबूची टाकीज लागली, इंग्रजी सिनेमा. दिवेलागनीच्या खेळाले मले घेऊन गेला. बायायकडं कनात बांधलेली, भाषा कोनाले समजे ना, म्हनून टाकीजवाला भोंग्यावरून सांगत जाय का हा असं म्हनते, तो तसं म्हनते. घोडे, टोपीवाले लोक, आपल्या इकडच्या रस्त्यासारखा फुफाटा. एक मानूस होता, त्याच्या बंदुकीचा निशाना कधी चुके नाही, पन त्यानं बंदूक पेटीत घातली होती अन् गाडी हाकून पोट भरे. लोक काही त्याले सुखानं राहू देत ना. काढ ना बंदूक, म्हनत, भेला काय?

मी लुगड्याचा पदर तोंडात धरला. अन् जवा त्यानं पेटी उघडली तवा माह्या तोंडातून निघालंच, नको काढू रे बाप्पा! साऱ्या बाया हासल्या. एक म्हने, बाई, त्याले मराठी नाही येत.

त्यानं काढली. समोरचा मेला. गाव गोळा झालं, तिथला पाटील म्हने, बंदूक आपोआप सुटली असन, जाय तू घरी. अन् तो मानूस टोपी काढून सगळ्यायच्या समोर म्हने, माही बंदूक आपोआप सुटत नाही. मी मारलं.

घरी येताना मालक म्हने, काहून रडतं, इंग्रज मेला तं तुहा कोन लागे?

दिवाळीले माहेरी गेली तवा थेट चंद्रीच्या घरी गेली. ती बापाच्याच घरी होती, एका डोळ्याच्या पोरीले कोन करते? वाकळ शिवत बसली होती. मी उभ्या उभ्याच म्हनलं, चंद्रे, हात चुकला नव्हता.

ती म्हने, मले मालूम आहे. गोटा मीच वेचलेला होता, तुह्या हातात बसन असा गोल. तो काय चुकते?

मी म्हनलं, माफ कर वं. ती म्हने, ते मले नाही जमत अनसे. अन् मले काय सांगतं, मले तं मालूमच होतं. पाटलाच्या वट्यावर जाऊन सांग, मुंडी तिथं हालवली होती ना तू? मंग सुई माह्यापुढं धरली, म्हने, हे ओवून दे, एका डोळ्यानं धागा सापडत नाही. मी एका दमात ओवली. हात तवाही कापला नाही, त्याची लाज वाटली मले.

अन् वट्यावर मी नाही गेली. बाप जिता होता, तिथंच बसला होता, लोकायसंग सुपारी कातरत. मी समोरून आली, त्यानं हासून पाह्यलं, अन् मी घराकडं वळली. त्या टोपीवाल्यानं सगळ्यायच्या समोर सांगतलं, मी एकटीले सांगून आली, अन् तेही जिले पयलेच मालूम होतं तिले.

आता बाप नाही, काका नाही, पाटील नाही, वटाही पडला. चंद्रीही गेली, मले दोन महिन्यानं समजलं. नातू म्हनते, आजी, पाखरं जवारी खाऊन राह्यले, हाकल ना. मी म्हनतो, खाऊ दे बाप्पा, तेवढ्यानं काही सरत नाही. तुमच्या लेकरायचं भलं होवो, तुमी एवढं आयकून घेतलं. पन लिहून घेता तं नावासकट लिहा, माहं अन् तिचंही. अनसूयानं चंद्रभागेले गोटा मारला. हात चुकला नव्हता.