भिंतीवरचं शहाणं डबडं

...अन् मंग बंद! भर दुपारी, मे महिन्यात, अकोल्यात कूलर बंद! सांगा तुमीच, आमच्या जठारपेठेत दुपारची अंगणातली चप्पल पायात घालता येत नाही, तिथं माणूस कूलरबिगर राहीन कसा? अन् माणूस तरी कोणता? आमचे मालक, किसनराव! बडनेऱ्याले रेल्वेत जलम गेला, आता छातीचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं बजावलं, 'भागीरथाबाई, यायले उन्हाळाभर थंडाव्यात ठेवा.' अन् हे भिंतीवरचं डबडं म्हणते, नाही!

आमच्या ललितनं बसवलं. पुण्यात इंजिनेर आहे ना! छतावर सोलर, जिन्याखाली बॅटरी, मागं खरकट्याच्या गॅसची टाकी, बोर्डाची लाईन त आहेच... अन् या साऱ्यायवर हे डबडं मुकादम! म्हणे, 'कधी काय वापरायचं, कधी काय साठवायचं, तू डोकं नको लावू. त्याला सगळं समजतं, आई!' पाहा, पोराची जीभ बी पुण्याची झाली.

काय समजते वं माय? दुपारी चहा मांडला त शेगडी थंड. काहून? गॅस संध्याकाळसाठी राखला! बॅटरी भरून टम्म, पण कूलरले नाही. तेबी संध्याकाळसाठी! अन् तुमाले सांगते, ऊन उतरलं, वारा सुटला की कूलर भर्रकन सुरू, अंगणातले सारे बल्ब लख्ख, शेगडी भडभड! अन् खाणार कोण? आमी दोघं. पिठलं-भाकर!

केला फोन. ललित तिकडं एसीत बसून म्हणते, 'थांब, इथून पाहतो... आई, बसवल्यावर पहिला आठवडा ते घराच्या सवयी शिकतं. आपण कधी बसवलं?'

कवा बसवलं? एप्रिलात, जयंतीच्या आठवड्यात! दिवसभर आमी सारे मंडपात, घराले कुलूप. संध्याकाळी मंडपाची लायटिंग आमच्या घरून, भोंगे अन् कूलर आमच्या घरून, गल्लीभराची खिचडी आमच्या शेगडीवर! ते लेकाचं तेच शिकलं! त्याले वाटते, आमी रोजच जयंती करतो!

'मग आता नवीन शिकव,' म्हणते. 'आठवडाभर दुपारी कूलर चालव.'

'अरे भैताडा, ते चालवू कुठं देते?'

'शिकलं की देईल ना!'

'अन् कूलरचं जुनं बटन कुठं गेलं रे?'

'काढलं. भिंतीवर बरं दिसत नव्हतं. घाबरू नको, त्याला सगळं समजतं, आई!'

इकडं बाप ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसला अन् याले भिंतीचं पडलं! असा राग आला, फोनच आपटला.

आता रोज जेवण झालं की त्यायचा हात धरून शेजारी मनकर्णाबाईकडं नेऊन बसवते. तिचा पत्र्याचा जुना कूलर. एक बटन. दाबलं की चालू. त्याले काहीच समजत नाही, म्हणून माहा माणूस जित्ता आहे!

डबड्याशी भांडणं म्या सोडलं. पुढच्या जयंतीची वाट पाहून राहिली. त्या दिवशी तरी त्याचं बरोबर निघीन.