गुंड्याचे गुडघे

कारंज्याच्या जनावरांच्या दवाखान्यात शेळीचा नंबर येईतो आनंदाबाईंना शेजारच्या सासूसुनेचे बोलणे ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हते. दोघींच्या मध्ये टोपलीत एक म्हातारा गिनीपिग निजला होता.

"आई, शेकाची पिशवी कुठं हाय?"

"गुंड्याच्या खाली. त्याले संधिवात झाला ना."

"तुमच्या गुडघ्यासाठी आणलती ते!"

"मले बोलता येते. तो मुका जीव हाय."

"मंग बोला ना! डॉक्टरले काऊन सांगत नाई, पायऱ्या उतरता येत नाई म्हणून?"

"अन् याले औषध कोण पाजीन? तुह्या हातचं थुकते तो."

"तुमच्या नातवानं नागपुरात ऑपरेशनची तारीख घेतली, आई."

"त्यानंच पुण्याले जातानी सांगतलं, आजी, गुंड्याले सांभाळजो. तारीख ढकल पुढं. याचा कोर्स होऊ दे."

"तिसऱ्यांदा ढकलून राह्यलो आपण!"

तेवढ्यात आतून गुंड्याच्या नावाने हाक आली. सून टोपली उचलून उभी राहिली. सासूबाईंनी बाकाची कड धरून एकदा जोर केला, मग पुन्हा केला.

"तू हो पुढं. मले इथं हवेशीर वाटते."

आनंदाबाईंनी शेळीचा दोर पायाखाली दाबला आणि आपला हात पुढे केला.