हौसाक्कानं पेला खाली ठेवला

थांबा! पखवाज थांबवा, भाऊ! टाळ जरा मांडीवर घ्या. नामाचा गजर झाला, जीव निवला. आता एक प्रश्न विचारतो. मंडळी, ऐका, आणि उत्तर लगेच देऊ नका. लगेच दिलेलं उत्तर बहुतेक वेळा शेजाऱ्याचं असतं!

देवाच्या दारात कुणीतरी तुमच्या हातावर प्रसाद ठेवला. तुम्ही तो कपाळाला लावला. पण तोंडात घातला नाही! तर देव रागावतो का?

या पुढच्या मावशींनी मान डोलावली. म्हणजे रागावतो! आणि मागं खांबाला टेकलेले आजोबा म्हणतात, छे, नाही रागावत. आजोबा, तुम्ही जागे आहात हे बघून मलाच प्रसाद मिळाल्यासारखं झालं! हसा, हसा. पण प्रश्न सोडू नका. या प्रश्नावर एक अख्खं गाव फिरलं होतं!

गाव निवळेवाडी. नदीकाठचं, उसाचं, म्हशींचं. तिथं एक बाई होती, हौसाबाई खोत. गाव तिला म्हणायचं हौसाक्का. वय पन्नाशीचं. उंच, काटक, आवाज असा की बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या रानातला बैलसुद्धा मान वर करील! या बाईनं काय केलं? दारात दोन म्हशी होत्या, तेवढ्यावर थांबली नाही. घरोघर फिरली. “दूध तू काढतीस, शेण तू काढतीस, मग हिशेबाला नवरा का जातो गं?” असं एकेकीला विचारत गेली. आणि बायकांची दूध संस्था उभी केली! सकाळ-संध्याकाळ दूध केंद्रावर किटल्यांची रांग. तालुक्याच्या गावातली हॉटेलं म्हणायची, दूध घ्यावं तर निवळेवाडीच्या बायकांचं! अध्यक्ष कोण? हौसाक्का.

आता मंडळी, दूध संस्थेची अध्यक्ष कुणाच्या दारात गेली तर पुढं काय येतं? चहा? छे! दूध! पेलाभर, साय धरलेलं, वर साखर. कुणाची म्हैस व्याली, खरवस घ्या अक्का. कुणाचं हळदीकुंकू, मसाला दूध घ्या अक्का. नाही म्हणायची सोय नाही. दूधवालीनंच दुधाला नाही म्हणायचं?

आणि इथंच दुखणं लपलं होतं. पेला रिकामा झाला की थोड्या वेळात हौसाक्काचं पोट फुगायचं. गुडगुड व्हायची. कळ यायची, आणि मग पळापळ! बाई बोलायची नाही. कसं बोलणार? आणि त्यात दुसरं एक सुरू झालं. छाती धडधडायला लागली. सभेला निघायचं म्हटलं की घशाला कोरड, तळहाताला घाम, पायातलं बळ गेल्यासारखं. काहीतरी वाईट होणार, आत्ता होणार, असं वाटायचं. काय होणार, ते मात्र सांगता यायचं नाही.

मग ती काय करायची? गोठ्यात जायची. चंद्री नावाची तिची म्हैस होती. तिच्या मानेला मिठी मारून उभी राहायची. ते उबदार, संथ रवंथ करणारं अंग... त्याला गाल लावून धडधड ओसरायची वाट बघायची. आणि मग पदर सावरून सभेत जाऊन असं बोलायची, की गावातले पुढारी कान टवकारायचे! लोक म्हणायचे, बघा, केवढी माया जनावरावर! माया होतीच हो. पण त्या मायेच्या आडोशाला एक बाई थरथरत उभी होती, ते कुणाला दिसलं?

एक दिवस केंद्रावरच तिला घाम फुटला. नवरा रंगराव घाबरला. साधा माणूस, बोलणं कमी. म्हणाला, “चल. आज म्हशींचं ऱ्हाऊ दे, तुझं बघू.” फटफटीवर बसवलं आणि तालुक्याला नेलं.

तिथं शेटे डॉक्टरीणबाई. त्यांनी ईसीजी काढला, रक्त तपासलं. हृदय ठणठणीत! मग बाईंनी खुर्ची पुढं ओढली आणि विचारलं, “मावशी, पोट कसं असतं?”

हौसाक्का लाजली. मग हळूहळू बोलली. सगळं बोलली.

“दूध किती पिता?”

“अवं बाई,” हौसाक्का म्हणाली, “मासोळीला इचारताय व्हय, पाणी किती पितीस म्हणून?”

डॉक्टरीणबाई हसल्या. मग समजावून सांगितलं. दुधात एक साखर असते. ती पचवायला आतड्यात एक रस लागतो. लहानपणी तो भरपूर असतो, वय वाढलं की पुष्कळांचा कमी होतो. त्यात पाप नाही, दोष नाही. दूध चांगलंच असतं, पण त्या पोटाला ते झेपत नाही. “थोडे दिवस दुधाचं सगळं बंद करा. हाडांसाठी नाचणी, तीळ, पालेभाजी खा. मग थोडं घेऊन बघू, त्रास परत होतो का.”

“आन् ही धडधड? ती बी दुधानंच?”

आता ऐका हं, मंडळी! इथं एखादा भोंदू असता तर म्हणाला असता, “हो हो, दूध सोडा, भीती पळेल, दक्षिणा ठेवा!” पण ती खरी डॉक्टर होती. ती म्हणाली, “ते मी आज सांगू शकत नाही. पोट आणि मन एकमेकांना ओढतात, हे खरं. पण भीती दुधानंच आली, असं मी म्हणणार नाही. आधी पोट शांत करू. मग बघू, काय उरतं.”

मग बघू, काय उरतं! काय बोलली ती बाई! किती जणांना येतं असं बोलता?

हौसाक्कानं दूध सोडलं. गुपचूप. कोरा चहा, गूळ घालून. तिच्या वाट्याचा पेला आता कुणाच्या पोटात जायचा? रंगरावाच्या! बिचारा सकाळ-संध्याकाळ दोन-दोन पेले रिचवायचा आणि सदऱ्याची बटणं लागेनात म्हणून शिंप्याला दोष द्यायचा!

आणि गुण आला. पोट हलकं झालं. कळ थांबली. सभेला निघताना आधी आडोसा शोधायची गरज उरली नाही. तेव्हा तिच्या ध्यानात आलं — आपली निम्मी भीती हीच होती! चारचौघांत पोटानं दगा दिला तर? अध्यक्षाची फजिती झाली तर? ती भीती गेली. झोप लागायला लागली. मधे एकदा डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून वाटीभर ताक घेऊन बघितलं. पोट लगेच ओरडलं! दुखण्याचं मूळ सापडलं.

पण भीतीचं काय? सगळी गेली? नाही, मंडळी. निम्मी गेली, निम्मी उरली. पहाटे केंद्राचा भोंगा वाजला की छाती अजून उडायची. हौसाक्का परत तालुक्याला गेली. म्हणाली, “बाई, पोट तुमचं आयकतंय. छाती न्हाई आयकत.”

“मग आता कळलं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हे दुसरं दुखणं आहे. याचं औषध वेगळं. त्यासाठी मी तुम्हाला माझ्या ओळखीच्या, मनाची दुखणी बघणाऱ्या एका डॉक्टरबाईंकडे पाठवते. पण त्याआधी एक करा. घरात एका माणसाला सांगा.”

घरात सांगायचं! पोट बिघडलं हे सांगता येतं हो. मला भीती वाटते, हे कसं सांगायचं? गावाला धीर देणाऱ्या बाईनं? ती गोठ्यात गेली. रंगराव वैरण टाकत होता. ती पाठमोरीच बोलली.

“अवं, मला भ्या वाटतं.”

“कशाचं?”

“त्येच ठावं न्हाई.”

रंगरावानं वैरणीची पेंढी खाली ठेवली. मग म्हणाला, “बरं. मग वाटंल तवा हाक मार. मी काय करणार न्हाई, नुसता हुबा ऱ्हाईन.”

आहाहा! नुसता उभा राहीन! नवरे मंडळी, ऐकलंत का? उपदेश नाही, तुला काय कमी आहे हा सवाल नाही. नुसता उभा राहीन! विठ्ठल, विठ्ठल!

पुढं काय झालं? गोकुळाष्टमी आली. दुसऱ्या दिवशी देवळात काला. हंडी फुटली, दही-लाह्या सगळ्यांच्या हातावर. हौसाक्काच्या हातावर काला ठेवला गोजराबाईनं. ही गोजराबाई संस्थेची सगळ्यांत जुनी सभासद, मनानं चोख, पण जीभ म्हणजे नुसती मिरची! हौसाक्कानं काला कपाळाला लावला, डोळे मिटले, आणि शेजारच्या बाईच्या हातावर ठेवला.

गोजराबाईनं पाहिलं! “काय गं अक्का? देवाचा काला न्हाई खाल्लास?”

“उपास हाय,” हौसाक्का म्हणाली.

इथं चुकली बिचारी! खोटं बोलली आणि पकडली गेली. कारण मघाशीच तिनं सगळ्यांदेखत पोहे खाल्ले होते!

मग काय? दुपारपर्यंत गोष्ट पाणवठ्यावर, संध्याकाळपर्यंत केंद्रावर. अध्यक्षबाई प्रसाद खाईना. अध्यक्षबाई दूधच पीत नाही म्हणे. आणि मग कुणीतरी शेवटचं वाक्य जोडलं — तिला ठाऊक असेल ना, दुधात काय मिसळतात ते!

झालं! रांगेतल्या किटल्या कमी झाल्या. तालुक्याच्या हॉटेलवाल्यांचा निरोप आला: उद्यापासून दूध नको. ज्या बायकांच्या घरात या दुधावर चूल पेटत होती, त्यांची तोंडं उतरली. एका बाईनं एक घास खाल्ला नाही आणि गावाच्या तोंडचा घास जायची वेळ आली!

देवळाच्या सभामंडपात सभा ठरली. निघताना रंगराव म्हणाला, “एक पेला पी त्यांच्यादेखत. एका पेल्यानं काय मरत न्हाईस. पोट दुखंल, दुखू दे. विषय मिटंल.”

सांगा मंडळी, खोटं होतं का ते? एक पेला! संस्था वाचते, अब्रू वाचते. तुम्ही काय केलं असतं? मी सांगतो. तुम्ही आणि मी गटागटा प्यालो असतो आणि वर मिशीही पुसली असती!

सभामंडप भरला. गोजराबाई उभी राहिली. हातात दुधाचा पेला. “आमच्याच दुधाचा हाय. अक्का, पी. आन् गावाची तोंडं बंद कर.”

हौसाक्कानं पेला घेतला. तोंडापर्यंत नेला. आणि तिनं पेला खाली ठेवला.

“गोजरामावशी,” ती म्हणाली, “दूध चोख हाय. ज्याला तपासायचं त्यानं तालुक्याला न्हेऊन तपासा. पण माझं पोट त्ये पचवीत न्हाई. डॉक्टरनं सांगिटलंय. मी उपास हाय म्हणाले, त्ये खोटं बोलले. लाज वाटली म्हणून बोलले. मला म्हायती असतं की दुधात घाण हाय, तर मी तुमच्या पोरांना ते पाजलं असतं व्हय?”

मग ती सगळ्या मंडपाकडं वळली.

“आन् दुसरं बी सांगते. मला भ्या वाटतं. सभेच्या आधी वाटतं, पहाटं वाटतं. आता बी वाटतंय.” आणि तिनं दोन्ही हात पुढं केले. मंडळी, त्या बाईचे हात सगळ्यांसमोर लटलट कापत होते! ज्या हातांनी संस्था उभी केली, तेच हात. “दूध सोडल्यावर निम्मं कमी झालं. निम्म्यासाठी औषध चालू हाय. अशी बाई अध्यक्ष नको असंल तर दुसरी निवडा. पण दुधाला नाव ठेवू नका.”

रंगराव उठला. बायकोशेजारी जाऊन नुसता उभा राहिला.

आणि गोजराबाई? तिनं पेल्याकडं पाहिलं, अक्काकडं पाहिलं. वाकली, पेला उचलला, आणि एका दमात रिकामा केला! “मला पचतंय बया!” ती गरजली. “आन् अक्का ऱ्हाणार. कापत्या हातानं इतकं केलंस, बिनकापत्यांनी काय केलं गं आजवर?”

मंडपात हशा पिकला, डोळ्यांना पदर लागले, दोन्ही एकदमच! पण गोष्ट इथं संपली नाही. गोजराबाई हसता हसता थांबली. बायकांत मागं तिची सून बसली होती, सुमन. बाळंत होऊन थोडेच महिने झालेले. घरात रोज तिच्यापुढं दुधाचा पेला यायचा आणि रोज तसाच राहायचा, म्हणून सासू रोज बोलायची — नखरे! गोजराबाई सभा मोडायच्या आधी तिच्याजवळ जाऊन बसली. हलक्या आवाजात विचारलं, “तुला बी पोटाचं हाय का गं?”

सुमन म्हणाली, “पोटाचं न्हाई, आत्या.” आणि तिनं छातीवर हात ठेवला. रडू कोसळलं.

दुसऱ्या दिवशी मिरचीच्या जिभेची ती सासू सुनेचा हात धरून तालुक्याला गेली. आणि बघा गंमत! सुमनला दूध सोडायची गरजच नव्हती. तिला दूध उत्तम पचत होतं. तिची फक्त भीती होती, बाळंतपणानंतर आलेली, एकटीनं सोसलेली; त्या भीतीनंच घशाखाली काही उतरत नव्हतं. तिच्यावर औषधपाणी झालं, बोलणं झालं, सासू लेकराला घेऊन बसायला लागली. सुमन सुधारली, आणि दूधही प्यायला लागली! दोन बायकांची दुखणी दिसायला सारखी, पण उत्तर निराळं.

दूध तपासून चोख निघालं. हॉटेलवाले परत आले. हौसाक्का पुढं कितीतरी वर्षं अध्यक्ष राहिली. भीती कधीमधी यायची. पण आता ती आली की बाई रंगरावाला हाक मारायची, चारचौघींत सांगायची, “थांबा गं, मला जरा धडधडतंय,” आणि बायका थांबायच्या.

मग देव रागावला का तिच्यावर? कपाळाला लावला तिथंच प्रसाद पोचला, मंडळी! खोटं बोलली तेव्हा देव जरा खिन्न झाला असेल. पण हात पुढं करून खरं बोलली, त्या घटकेला गाभाऱ्यातला देव बाहेर येऊन सभेत बसला असेल, असं मला तरी वाटतं!

आता तुमच्याकडं वळतो. उद्या घरी जाऊन दुधाचं पातेलं ओतू नका! कीर्तनकारानं सांगितलं दूध वाईट, असं कुठं बोललात तर बघा! आणि “आमच्यात असले नखरे चालत नाहीत” म्हणून कुणाच्या घशात ओतूही नका. शरीर ज्याचं त्याचं, तपासायला शहाणी माणसं आहेत, त्यांना विचारा. पण त्याच्याही आधी घरात विचारा. तुमच्या पंगतीत कोण ताट सारतं? कोण मधेच उठून जातं? कोण हसता हसता छातीवर हात ठेवतं? तुम्हाला ठाऊक आहे. प्रत्येकाला एक नाव आठवलं आत्ता, मी तोंडं बघतोय!

त्या माणसाजवळ जाऊन बसा. विचारा. आणि विचारल्यावर लगेच शहाणपण सांगू नका, त्याचं बोलून होईपर्यंत नुसते जवळ राहा. तेवढं केलंत, तर आजचं कीर्तन माझं नाही, तुमचं झालं!

म्हणा मंडळी, पोटातून, छातीतून, न भिता म्हणा: विठ्ठल! विठ्ठल! विठ्ठल!